दक्षिणेकडे पाय

अंगणवाडीत नवीन पोर आलं की पहिल्या दिवशी मी त्याला गाणी शिकवत नसे, बसायला शिकवत असे. मांडी घाल, पाठ ताठ, हाताची घडी, तोंडावर बोट. गव्हाण गावातल्या दोन पिढ्या मी अशा बसवल्या, उठवल्या आणि खाऊ झाला की एका ओळीत झोपवल्या. कुणाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी गेलं, तर उचलून सरळ करायची. पोर कुरकुरलं तरी ऐकून घेत नसे. गावात मला मालूबाई म्हणतात आणि मालूबाईसमोर चुळबुळ करायची कुणाची टाप नव्हती.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात ओळीच्या टोकाची पोरं मला दिसेनाशी झाली. मधली दिसायची. टोकाची कधी उठून नळावर जायची ते कळायचंच नाही. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, ताटाशेजारचा पेला हात लागून सांडायचा. माझा नवरा काशिराम म्हणायचा, "बघून चाल ना गो." उखाण्यात घ्यायचं नाव मी इथे सरळ लिहिते आहे, एवढी मुभा मी आता कमावली आहे. काशिराम बंदराकडच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, मनानं चांगला आहे, आणि चांगल्या माणसांचा जो दोष असतो तो त्याच्यात आहे. त्याला घरात कुणालाही नाही म्हणता येत नाही.

पनवेलला चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. मग एकदा एसटी स्टँडसमोर उजवीकडून आलेली रिक्षा माझ्या कोपराला घासून गेली आणि रिक्षावाला ओरडला, "ए मावशे, दिसत नाय काय?" मी त्याला चार शब्द सुनावणार होते. पण तो खरंच बोलला होता. मला दिसत नव्हतं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका मोठ्या पांढऱ्या वाटीत तोंड घालून बसवलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ एकही ठिपका येईना, म्हणून मी म्हटलं, यंत्र बिघडलंय वाटतं. यंत्र बिघडलं नव्हतं. पुढे फोटो निघाले, मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं आणि तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर गाठ झाली होती आणि ती वर सरकून डोळ्यांच्या नसांवर दाबत होती. दोन्ही डोळ्यांच्या नसा नेमक्या तिथेच एकमेकींना ओलांडतात, म्हणून दोन्ही बाजूंचं दिसणं गेलं होतं. घोड्याला झापडं लावतात तशी गत.

"गाठ साधी आहे, तुमच्या जिवाचा तसा प्रश्न नाही," डॉक्टर म्हणाले. "प्रश्न डोळ्यांचा आहे. उशीर केला तर आहे तेही जाईल. लवकर काढली तर गेलेलं परत येऊ शकतं." नाकातून दुर्बीण घालून गाठ काढणार होते, डोकं उघडायचं नव्हतं. पूर्वी, माझी मुलगी, कॉलेजात शिकते. तिनं सगळं मोबाइलवर वाचून काढलं आणि रात्रभर माझ्याजवळ झोपली. मी घाबरले नव्हते असं नाही. पण मला टोकाची पोरं परत हवी होती, म्हणून मी हो म्हटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टरबाई आल्या. तरुण होत्या, बोलायला गोड. म्हणाल्या, "मावशी, उताणं झोपा आणि मान हळूहळू उजवीकडे वळवा."

"आत्ताच कशाला? उद्या तुम्ही वळवालच की."

"उद्या भुलीत तुमची मान दुखली तर तुम्हाला सांगता येणार नाही. आमचे सर तुमच्या उजव्या हाताला उभे राहणार, म्हणून तोंड थोडं त्यांच्याकडे लागतं. किती वळतं ते आत्ता तुम्ही सांगायचं. दुखायला लागलं की थांबा."

मी वळवली. माहेर माझं उरणकडच्या मिठागरवाल्यांचं, लग्नाआधी मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिलेल्या. मान थोडी गेली आणि खुंटी मारल्यासारखी थांबली. "इथवर," मी म्हटलं. बाईंनी बोटानं माझी हनुवटी कुठे थांबली ते बघितलं आणि म्हणाल्या, "बास. उरलेलं आम्ही टेबल तिरकं करून घेऊ. माणसाला वाकवायचं नाही, टेबलाला वाकवायचं." मला ही बाई फार आवडली. अंगणवाडीत असती तर पोरांनी हिचं ऐकलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या गार खोलीत त्यांनी मला टेबलावर निजवलं. डोक्याखाली मऊ कडं ठेवलं. कोपरांखाली, टाचांखाली गाद्या सरकवल्या. दोन्ही हात अंगालगत घेऊन चादरीत असे गुंडाळले की बोटसुद्धा हलवता येईना. उजवी मांडी पुसून घेतली. गाठ काढल्यावर आतलं भोक बुजवायला तिथली थोडी चरबी लागणार होती. मग टेबलाची डोक्याकडची बाजू वर आली. "डोकं छातीपेक्षा वर असलं की रक्त तिथे साचत नाही, सरांना स्वच्छ दिसतं," बाई कानाशी बोलल्या. मला एकदम माझी पोरं आठवली. हाताची घडी, तोंडावर बोट. मला खूप रडू आलं, पण डोळे पुसायला हात कुठे होते? बाईंनीच पुसले.

शुद्ध आली तेव्हा नाकात बोळे होते आणि तोंडानं श्वास घ्यावा लागत होता. घसा सोलल्यासारखा झाला होता. आणि मला सिस्टरचं कोपर दिसलं. ती माझ्या समोर नव्हती, बाजूला उभी होती. सलाइनची बाटली दिसली एका कडेला, दुसऱ्या कडेला दार दिसलं, दारात पूर्वी आणि काशिराम दिसले, आणि हे सगळं एकाच वेळी, मान न हलवता. मी हात वर करून बोटं हलवून बघितली. ती दिसली. एवढा आनंद मला लेक झाली तेव्हाच झाला होता.

डॉक्टर खूश होते. पण जाताना त्यांनी काशिरामला बजावून सांगितलं, तेही दोनदा. डोकं उंच पाहिजे, चोवीस तास. वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, जोर करायचा नाही, ओरडायचं नाही. आतलं ठिगळ ओलं आहे, ते जोडलं जाईपर्यंत सांभाळायचं. नाकातून पाणी गळलं किंवा घशात खारट लागलं तर ताबडतोब बोलवायचं, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी असतं.

खोलीत कॉटचं हँडल फिरवून पाठ वर उचललेली होती. मी अर्धवट बसल्यासारखी असायची आणि पायांसमोरच्या खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. सुळका दिसायचा आणि त्याच वेळी बाजूच्या स्टुलावर पेंगणारी पूर्वीही दिसायची. मी तासन् तास नुसती बघत असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाकातले बोळे काढले आणि दुपारी चिरनेरहून आक्का आल्या.

आक्का म्हणजे कमळाबाई, काशिरामची थोरली बहीण. आई गेली तेव्हा काशिराम रांगत होता. आक्कांनी त्याला कडेवर घेऊन वाढवला, त्याच्यासाठी स्वतःचं लग्न चार वर्षं लांबवलं. आमच्या घरात देवाला कौल लावतात तो आक्कांना विचारून झाल्यावर. माझ्यावर त्यांचा जीव आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. लेकीच्या वेळचं माझं बाळंतपण त्यांनी केलं, सख्ख्या आईनं केलं नसतं असं.

त्या दारातच थबकल्या. खिडकीकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं. पिशवी त्यांच्या हातातच राहिली.

"काशा, यो काय रे? दक्षिनेला पाय करून निजवलंय तिला?"

"आक्का, कॉटच तशी हाय."

"कॉट तशी हाय! मेलेल्याला निजवतान असा. तुझ्या भावजींना असाच ठेवला होता दवाखान्यान. मी येडी, बघत बसले. सकालपर्यंत र्‍हायले नाय." बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला.

आक्कांचे यजमान गेले त्याला बारा-तेरा वर्षं झाली होती. आक्का हे मनात धरून बसल्या असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. सिस्टरला बोलावलं. कॉट फिरवता येईल का? ती हसली. "आजी, ऑक्सिजनची नळी भिंतीत आहे ना. इथे सगळ्यांचे पाय तिकडेच असतात." आणि तिची ड्यूटी संपत आली होती, ती गेली. पूर्वी औषधं आणायला खाली गेली.

आक्का म्हणाल्या, "कॉट नाय फिरत तर तिला फिरवू."

मी म्हटलं, "नको आक्का. डॉक्टर नको म्हणालेत." घशातून जेमतेम आवाज आला. आक्कांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "तुला गुंगी हाय गो. तू गप नीज." आजाऱ्याचं कोण ऐकतं? ज्या पोरांना मी वर्षानुवर्षं उचलून सरळ केलं होतं, त्यांच्यात आणि माझ्यात आता काही फरक नव्हता.

काशिराम म्हणाला, "आक्का, डॉक्टर बोल्लेन डोका वर पायजे."

"वरच ठेवू ना. डोका वर ठेवाला डॉक्टर बोल्ला. दिशा डॉक्टर ठरवतो काय?"

मी काशिरामकडे बघितलं. जन्मात एकदा, फक्त एकदा, नाही म्हण. मी डोळ्यांनी सांगितलं, मानेनं सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आक्कांकडे. आक्का रडत होत्या. त्यानं हँडल फिरवून पाठ खाली घेतली.

ओरडायला हवं होतं. पण ओरडायचं नाही, जोर करायचा नाही असंच तर सांगितलं होतं. ओरडले तर ठिगळ फाटणार, आणि गप्प बसले तर हे दोघं मला फिरवणार. मी कठडा घट्ट धरला, मग तोही जोरच म्हणून सोडून दिला. एवढी असहाय मी त्या टेबलावर, हात बांधलेले असतानासुद्धा नव्हते. तिथे निदान ती बाई कानाशी होती.

काशिरामनं काखेत हात घातले, आक्कांनी पाय धरले. गोल फिरवताना क्षणभर माझं डोकं कॉटच्या कडेबाहेर लोंबलं आणि मला छत उलटं दिसलं. मग मी पायथ्याकडे डोकं आणि उशाकडे पाय अशी आडवी झाले. हाक मारायचं बटण उशाकडच्या दांड्याला होतं. ते आता माझ्या पायांपाशी गेलं.

"आता डोका वर घे," आक्का म्हणाल्या.

काशिराम हँडलकडे धावला. तीन दिवस त्यानं तेच हँडल फिरवलं होतं. फिरवलं की मालूचं डोकं वर येतं, एवढं त्याला पाठ होतं. त्यानं भराभर फिरवलं. माझे पाय वर जायला लागले. कॉटची तीच बाजू उचलली जाते, तिथे आता कोण आहे ते कॉटला काय माहीत! माझं अंग डोक्याकडे घसरलं, डोकं खालच्या दांड्याला टेकलं. मी म्हणत होते, "अहो, पाय… पाय वर येतायत." त्याला वाटलं पाय दुखतायत. तो म्हणाला, "झाला गो झाला, जरासा," आणि आणखी दोन फेरे फिरवले.

मग त्यानं मान वर करून बघितलं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

तो उलटे फेरे फिरवायला लागला तेव्हाच माझ्या घशात मागून काहीतरी उतरलं. कोमट आणि खारट. आधी वाटलं, मी रडतेय. पण डोळे कोरडे होते. मग नाकपुडीतून एक थेंब ओठावर आला, पाण्यासारखा स्वच्छ, आणि त्याच्यामागून दुसरा. मिठागरवाल्यांच्या पोरीला खारट म्हणजे काय ते कुणी सांगावं लागत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझं काहीच नव्हतं, मी फक्त निजलेली होते. नवीन सिस्टर आली आणि किंचाळली. डॉक्टर आले. कंबरेत नळी घालून पाणी काढून बघितलं, गळणं थांबेना. मग पुन्हा तीच गार खोली, तेच कडं, कोपराखाली त्याच गाद्या. त्याच भुलीच्या बाई होत्या. म्हणाल्या, "मावशी, मान कुठवर वळते ते मला आठवतं." त्या वेळी मात्र मला रडूही आलं नाही.

पुन्हा शुद्ध आली. आवाजावरून कळलं की सिस्टर बाजूला उभी आहे. तिचं कोपर नव्हतं. सलाइन नव्हतं, दार नव्हतं. मी हात वर करून बोटं हलवली आणि ती कुठेच दिसली नाहीत. डाव्या डोळ्यानं तर समोरचंही धुरकट. डॉक्टर म्हणाले, भोक बुजवायला आत जास्त भरावं लागलं, नसेला सूज आहे, ती उतरेल. "फिरवल्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार," ते मला म्हणाले. "हे न फिरवताही होऊ शकतं." बाहेर व्हरांड्यात मात्र ते काशिरामला काय काय बोलले, ते पूर्वीनं ऐकलं. सूज उतरली. दिसणं आलं नाही.

आक्कांना यातलं काही कुणी सांगितलं नाही. दुसरं ऑपरेशन का, तर आत थोडी गाठ राहिली होती, असं काशिराम म्हणाला. मी एकदाच त्याला म्हटलं, "आक्कांना खरं सांगा." तो माझ्या पायाशी बसला. "कसा सांगू गो? आय हाय ती माझी. आनी हँडल तर माझ्या हातान होता." त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा म्हटला तर तो कुठे आहे ते मला चाचपडावं लागलं. मला त्याची कीव आली आणि त्या कीवेचाच संताप आला.

आता मी घरी असते. अंगणवाडीत दुसरी बाई आली आहे. आक्का चिरनेरचं घर बंद करून माझ्याजवळ राहायला आल्या. आल्या आल्या त्यांनी माझी कॉट फिरवून घेतली. घरातली कॉट फिरते. माझं न्हाणं, वेणी, जेवण सगळं त्या करतात, आणि कधी कुरकुर नाही.

परवा भजनी मंडळातल्या बाया मला बघायला आल्या. मी कॉटवर पाय पसरून, भिंतीला टेकून बसले होते. आक्का माझ्या उजव्या हाताला बसल्या. नेहमी तिथेच बसतात, औषधाचं कपाट तिकडे आहे. चहा झाला आणि त्यांनी सुरू केलं. "दक्षिनेला पाय करून ठेवलेली तिला! मी गेले म्हनून. मी आनी काशानं दोघांनी उचलून फिरवली. तवा वाचली. नायतर दुसऱ्या आपरेशनान गेलीच होती." बाया च्च् च्च् करत होत्या. दाराची कडी वाजली. काशिराम बाहेर गेला. हा विषय निघाला की तो जातो.

आज बोलायचंच, असं मी ठरवलं. अख्खं गाव ज्या मालूबाईला टरकायचं, ती मेली नव्हती अजून. पण हे तोंडावर सांगायचं होतं, डोळ्यांत बघून, पाठीमागून कुजबुजल्यासारखं नव्हे. मी मान उजवीकडे वळवली. वळवली, आणखी वळवली, आणि जिथे थांबायची तिथे ती थांबली. इथवर. आक्का त्याच्या पलीकडे बसल्या होत्या. त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या, पदराला लागलेला तेलाचा वास येत होता. आक्का दिसत नव्हत्या.

"आक्का," मी म्हटलं.

"काय गो? मान दुखते?" आणि कुठून आले ते न दिसता दोन खरबरीत हात माझ्या गालांवर आले. "अशी वाकरी नको ठेवू. डॉक्टर काय बोल्ला? सरल ठेव." त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, लहान पोराचं धरतात तसं, हळूच फिरवून सरळ केलं आणि मागे उशी लावली. मग त्या मानेला तेल चोळायला लागल्या. एक बाई म्हणाली, "नशीब लागतं हो अशी नणंद मिळायला."

मी समोर बघत राहिले. समोर माझे पाय होते. बरोब्बर उत्तरेकडे.